एक झोप आधी

"नळ उघडल्या उघडल्या बाटली खाली धरू नकोस गं. तीन मिनिटं वाहू दे. आधी येतं ते रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी. ते खोटं नसतं, पण आजचंही नसतं."

तिला हे काम शिकवणाऱ्या बाईंचा आवाज... बाईंना निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण नळाची पितळी चावी हाताला थंड लागली की तो येतोच. मग बोटाएवढी काचेची नळी, तिच्यात खुणेपर्यंत पाणी, पाण्यात टाकलेली क्लोरीन तपासायची इवलीशी पांढरी गोळी, आणि ती विरघळता विरघळता तळापासून वर चढत गेलेला गुलाबी रंग. तिनं नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली. रंगपट्टीवरच्या तिसऱ्या चौकोनाशी गुलाबी जुळला. ठीक. शहरानं आज पाणी प्यायला हरकत नाही. तिनं वहीत आकडा लिहिला, वेळ लिहिली – सात वाजून दहा – आणि खाली सही केली.

नळ वाहत असतानाची तीन मिनिटं तिच्या नेमाची होती. मनातल्या मनात म्हणायची प्रार्थना त्यात बरोबर बसायची, एक ओळ कमी नाही की जास्त नाही. दोन्ही बाळंतपणं सोडली तर नेम कधी मोडला नव्हता. आज मात्र चौथ्या ओळीत नाव शिरली. उद्या अकरा वाजता सुटणारी नाव. तिनं चौथी ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा नाव. शेवटी तिनं नावेसकट प्रार्थना पुरी केली. देवाला काय, त्यानं याहून मोठ्या वस्तू मध्ये आलेल्या पाहिल्या असतील.

जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत तिघं जण आळीपाळीनं काम करत, आणि त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. रात्रीचा, सकाळची, दुपारची. ती सकाळची; सात ते तीन. आणि घरीसुद्धा, म्हणायचं तर, तसंच होतं. नवरा बस चालवायचा, चार ते बारा. ती निघाली की मुलं त्याच्याकडे, ती परतली की तिच्याकडे, आणि मध्ये वीस मिनिटं, उंबऱ्यात, एकाच्या पायात चपला आणि दुसऱ्याच्या हातात. "धाकट्यानं दूध अर्धं टाकलं." "बरं." "मोठीचा दात हलतोय." "बरं." "गॅस संपत आलाय." "बरं..." पाच वर्षं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्याच्या सुट्ट्या निळ्या, तिच्या लाल, आणि एका चौकोनात दोन रंग कधीच नाहीत. तेच तर त्यांचं कौतुक होतं. शेजारीपाजारी म्हणायचे, पोरं एक मिनिट एकटी नसतात हो यांची. खरंच नव्हती. एकटं कोण होतं, ते कॅलेंडरवर दिसत नव्हतं.

गेल्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला तीन तास मिळाले होते. नणंद मुलांपाशी बसली आणि ही दोघं जेवायला गेली. पांढरा टेबलक्लॉथ, मध्ये एक फूल. तो म्हणाला, लसीची तारीख सोळा आहे ना? ती म्हणाली, सतरा. मग बुटांचं माप. मग मोठीच्या शाळेतली ती रडकी मुलगी. मग बिल. परत येताना बसमध्ये – त्याच्याच डेपोची बस, ड्रायव्हर ओळखीचा, त्यामुळे तिकिटाचा आग्रह आणि त्यावर हसणं – तिला एकदम कळलं होतं की ते भांडले नाहीत, कंटाळले नाहीत, काही नाही. फक्त पाइपात साठलेलं तेवढं वाहून गेलं, आणि आजचं पाणी यायच्या आत नळ बंद करून ते उठले. तीन तासांनी भागणारं हे काम नव्हतं. दोन दिवस तरी हवेत. पहिला अख्खा दिवस लसीचा आणि बुटांचा गेला तरी चालेल... दुसरा हवा.

तेव्हा तिनं ठरवलं. आणि ठरवलं की ती बोले मऊ आवाजातच, पण हलत नसे.

शोधायला दोन महिने लागले. डब्याच्या सुट्टीत, तुरटीची चाचणी लावून – सहा काचपात्रं, सहा पाती एका लयीत फिरताहेत, गढूळ पाण्यात पांढरे पुंजके धरताहेत – ती फोनवर जागा बघायची. जागा दोनच प्रकारच्या. पहिला प्रकार कुटुंबांसाठी: घसरगुंडी, एकावर एक पलंग, हत्तीच्या आकारात घडी घातलेले टॉवेल. दुसरा जोडप्यांसाठी: पलंगावर पाकळ्या, न्हाणीघरात कडेकडेनं मेणबत्त्या. पाकळ्या झाडायच्या कुणी? आणि एवढ्या मेणबत्त्या विझवून झोपायचं म्हणजे घरच्यासारखंच, दिवे-गॅस-दार तपासत फिरणं. तिसरा एक प्रकार निघाला, दोन्ही एकत्र म्हणणारा. तिथं मुलांना सांभाळायला बाई होती, दहा ते बारा. म्हणजे दहा ते बारा प्रणय, मग जेवण.

फोनवर एकानं विचारलं, "मुलांसाठी जादा गादी टाकू ना?"

"मुलं येणार नाहीत."

"मुलं आहेत ना पण?"

"आहेत."

"मग गादी नको?" माणूस खरोखरच गोंधळला होता. "नवीन लग्न का, मॅडम?"

"सहा वर्षं झाली."

"अरे... वा," तो म्हणाला, कुणी गेल्याचं कळल्यावर म्हणावं तसं.

आणि मग ती नावाडीण सापडली. तलावाच्या पलीकडे, धक्क्यावरच्या दोन खोल्या. ती आणि तिचा भाऊ नाव चालवत आणि वरची एक खोली भाड्यानं देत. तिनं फोनवर आधीच बजावलं, "बघण्यासारखं इथं काही नाही हं. पाणी आहे. ते काय, सगळीकडेच असतं. दोन खुर्च्या आहेत, एकीचा पाय हलतो. नाव शनिवारी अकराला तुम्हाला घेऊन येणार, रविवारी पाचला सोडणार. मध्येच घरची आठवण आली तर पोहत जावं लागेल, आधीच सांगते."

"पोहता येत नाही मला," ती म्हणाली होती.

"मग तर बरंच झालं. या."

तिथंच तिनं होकार दिला. दिवसभर पाणीच बघणाऱ्या बाईनं सुट्टीत पुन्हा पाणी बघायला जावं याचं तिलाच हसू आलं. पण तपासायचं नसलेलं पाणी तिनं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

दहा वाजता उद्याचा पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लागला. शनिवार, सकाळ: ती.

चूक आहे, तिला वाटलं. ती साहेबांच्या टेबलाशी गेली. साहेब सज्जन होते, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. त्यांनी फाईल काढली, तिचा अर्ज पुढे सरकवला. "तुम्ही रविवारचीच मागितलीय."

अर्ज तिचाच होता. तिचं वळणदार अक्षर, आकड्यांखाली रेघ ओढायची प्रयोगशाळेतली सवय, सही. रजेचे दिवस: एक. तारीख: रविवारची.

आपण लिहिलंय हे. मी. दोन महिने मेणबत्त्या आणि गाद्या ओलांडत आले, नाव ठरवली, नणंदेच्या हातापाया पडले, आणि अर्जावर हातानं एकच दिवस लिहिला – दुसरा त्याच्यासाठी सोडला. कारण कुणीतरी घरी असायला हवं. माझं डोकं तलावापलीकडे पोचलं होतं, हात मात्र उंबऱ्यातच उभा होता...

"काही गडबड?" साहेब म्हणाले.

"नाही. माझंच चुकलं. शनिवारचीही हवी होती."

"दुपारच्या बाई दोन्ही पाळ्या करतील तर बघा बुवा. मला कागदावर माणूस दिसला म्हणजे झालं."

ती परत काचपात्रांपाशी आली. पाती थांबली होती. पुंजके हळूहळू, घाई न करता खाली बसत होते आणि वरचं पाणी मोकळं होत होतं. तिला त्या दुपारची आठवण आली – म्हणजे ती येणारच होती, सकाळपासून दारात उभी होती, आता आत आली एवढंच. धाकट्याच्या वेळची. कळा अचानक सुरू झाल्या, मोठी झोपली होती, तीन वर्षांची. शेजारच्या आजी म्हणाल्या, निघा तुम्ही, उठली की बघते मी. दोघंही गेली. तेवढी एकच वेळ. पाच वर्षांत दोघं एकाच वेळी तिला न सांगता गेली ती तेवढी एकच वेळ... आणि मोठी उठली, कुणी नाही म्हणून रडलीसुद्धा नाही, आपल्या चपला हातात घेऊन दारापाशी बसली. जेवली नाही. आजींशी बोलली नाही. संध्याकाळी बाप परत आला तेव्हा चपला मांडीवर होत्या आणि त्यांचे पट्टे तिनं ओढून ओढून तोडले होते.

त्यानंतर तिनं शब्द दिला होता, बाळाला एका हातात धरून. न सांगता जाणार नाही. मोठीनं विचार केला आणि अट घातली. "दारात नाही सांगायचं. एक झोप आधी सांगायचं."

"का गं?"

"मग मी झोपेत सवय करीन."

एक झोप आधी. म्हणजे आज. आजची संध्याकाळ.

तीन वाजता दुपारची आली, ओल्या छत्रीसारखी स्वतःला झटकत, नेहमीप्रमाणे सगळ्या जगावर चिडलेली. तिच्यापुढे वही सरकवताना सकाळची म्हणाली, "उद्या माझीही पाळी करशील? दोन्ही. मी तुझे दोन रविवार करते."

"सलग सोळा तास? का, कुणी आजारी आहे?"

आता 'घरचं काम आहे' म्हणायचं. सगळे तेच म्हणतात. जिभेवर आलंही होतं. "नाही," ती म्हणाली, "नवऱ्याबरोबर फिरायला जायचंय."

दुपारचीनं हातातलं पेन खाली ठेवलं. "नवऱ्याबरोबर? स्वतःच्या?"

"स्वतःच्याच."

"आणि मुलं?"

"मुलं नाहीत येणार."

दुपारची बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. गढूळपणाचा आकडा शंकास्पद आला की बघतात तशी. मग म्हणाली, "करते. पण दोन नाही, तीन रविवार घेईन. आणि आल्यावर सांगायचं."

"काय सांगायचं?"

"हेच, की काय बोललात ते. माझा नवरा आणि मी बोलायला बसलो तर काय निघेल देव जाणे. म्हणून तर मी पाळ्या करते, बाई."

घराच्या दारात तो बेल्ट लावत उभा होता. आत धाकटा झोपलेला, मोठी चित्र काढत बसलेली. आवाज अर्थातच खाली.

"नाक वाहतंय धाकट्याचं, पण ताप नाही. ताई पाचला पोचतेय. आणि उद्याची रजा टाकलीय मी," तो म्हणाला. "तुझी रविवारची झाली ना?"

तिनं पिशवी खाली ठेवली. "तू उद्याची टाकलीस? एकच?"

"हो. नेहमीसारखं. एक तू, एक मी..." त्याचा हात बेल्टवर थांबला. "थांब. नाव रविवारी परत येते ना?"

"रविवारी. पाचला."

"मग रविवारी मी कुठं असणार?"

"बसमध्ये."

"आणि उद्या तू?"

"नळाशी."

तो हसला, तोंडावर हात धरून, खांदे हलवत. तीही हसली, दाराच्या चौकटीला टेकून. किती दिवसांनी एकाच गोष्टीवर. हसू ओसरलं तेव्हा दोघंही खाली बघत होती, चपलांकडे.

"राहू दे मग," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात बघू."

पुढचा महिना ही त्यांच्या घरातली सर्वांत मोठी खोली होती. सगळं तिथं नेऊन ठेवलेलं: रंगकाम, तिच्या दाढेचं दुखणं, त्याच्या आईचा फोटो मोठा करून आणणं. दार लोटायचं नि आत ढकलायचं. तिला दिसलं, तो दोन खुर्च्या उचलून त्या खोलीकडे निघालाय, एकीचा पाय हलतोय.

"नाही," ती म्हणाली.

"अगं, डेपोतला मास्तर रविवारचीही देणार नाही. सुट्टीच्या दिवशी जादा गाड्या असतात. तो म्हणेल..."

"तो काय म्हणेल ते त्याला म्हणू दे. त्याच्या वाटणीचं तू कशाला बोलतोस?" आवाज तसाच मऊ होता, पण त्यानं वर पाहिलं. "मीही एकच दिवस लिहिला होता. रविवारचा. माझ्या हातानं. आज उद्याची मागून आले."

"काय सांगितलंस?"

"नवऱ्याबरोबर फिरायला जायचंय म्हणून सांगितलं."

"असं? तिथं? ऑफिसात?" त्याचे कान लाल झाले. सहा वर्षांपूर्वी व्हायचे तसे. ती विसरलीच होती की ते होतात. "मला नाही जमणार असं बोलायला. डेपोत चार महिने हा विषय पुरवतील लोक."

"पुरवू देत."

त्यानं डब्याची पिशवी उचलली, पायऱ्या उतरला. विचारीन म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. वळणावर त्यानं मागं वळून पाहिलं की डाव्या बाजूनं येणाऱ्या सायकलीकडे पाहिलं, ते तिला कळलं नाही.

पाच वाजता नणंद आली, त्याची मोठी बहीण, शिवणाचं दुकान चालवणारी. तिच्या पिशवीत दोन दिवसांचे कपडे आणि काजं करायचे बारा शर्ट. "रिकामी बसत नाही मी," असं म्हणत तिनं दारातूनच सुरू केलं, "काय गं, सहा वर्षांनी नवऱ्याला घेऊन निघालीस. हरवून येऊ नकोस हो माझ्या भावाला."

"आधी सापडू तर दे, ताई. सापडला तर घेऊन येईन."

ताई खळखळून हसली, मग थांबली, मग भावजयीकडे एकदा नीट बघून सुईत दोरा ओवू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "हे बघ, उद्या सकाळी मी दोघांना मागच्या अंगणात नेते. तुम्ही पुढच्या दारानं निघा. पोरं दहा मिनिटं रडतात आणि विसरतात. आम्ही सगळ्यांनी असंच केलं."

"हं," ती म्हणाली.

साडेपाच. तिनं भात लावला. पावणेसहा. धाकट्याचं नाक पुसलं. फोन ओट्यावर, पालथा. मग तिनं तो सुलटा केला. तो नाही म्हणाला तर? तर ती एकटी जाणार का? हलत्या पायाच्या खुर्चीत एकटीनं बसायचं? नाही. मग सोमवारी पुन्हा फोन लावायचा, पुन्हा तारीख घ्यायची, पुन्हा दुपारचीकडे तीन रविवार घेऊन जायचं. हे तिला इतकं स्वच्छ दिसत होतं की त्याची भीती वाटत नव्हती. माणसं दगडाची देवळं बांधतात ती काय एका सुट्टीत?

सहाला फोन वाजला. मागं हॉर्न, माणसं, कुणीतरी त्याला काहीतरी चिडवत असलेलं.

"घेतली," तो म्हणाला.

"दिली त्यांनी?"

"घेतली म्हटलं ना." आणि जरा वेळानं, हॉर्नच्या वरून, घरात कधी लागत नाही अशा मोठ्या आवाजात, "सांगितलं मी. तू सांगितलंस तेच. सगळे हसताहेत इथं. ठेवतो, गाडी लागलीय."

फोन खाली ठेवला तरी तिचा हात त्याच्यावरच होता. आनंद व्हायला हवा होता, आणि होता, कुठेतरी बरगड्यांखाली, कान लाल झालेल्या मुलासारखा. पण त्याच्या पुढ्यात दुसरंच काही उभं राहिलं. दोन महिने ती नेटानं ढकलत आली ते सगळं बाहेरचं होतं – मेणबत्त्या, तक्ता, साहेब, डेपो – आणि आता बाहेर काही उरलं नव्हतं. आता फक्त जायचं होतं. आणि तिला लख्ख कळलं की दिवसभरात एका कोपऱ्यात तिनं आशा धरली होती... कशाची? मास्तर नाही म्हणेल याची. म्हणजे कुणालाच काही सांगावं लागलं नसतं. शनिवार त्याचा, रविवार माझा, आणि चपला कुणाच्याच मांडीवर नाहीत.

मग त्या अर्जावरचा हात चुकला नव्हता तर. घाबरला होता.

कळलं ते बरं झालं. घाबरलेल्याला धरून चालवता येतं. तिनं दोन मुलं चालायला शिकवली होती.

"झालं ना? मिळाली ना?" ताईनं विचारलं. "मग आता सांगत बसू नकोस हं तिला. रात्रभर झोपणार नाही, मला हैराण करील."

"सांगणार आहे, ताई. शब्द दिलाय."

"साडेपाच वर्षांच्या पोरीला कसला गं शब्द?"

तिनं भाताखालचा गॅस बंद केला. हात पुसले. आतल्या खोलीतून मोठीचा आवाज येत होता. तिनं चार पाट एकामागे एक मांडले होते, धाकटा शेवटच्या पाटावर नाक ओढत बसला होता, आणि मोठी त्याला सांगत होती, पुढे सरका, पुढे सरका, मागं माणसं उभी आहेत.

काय म्हणायचं? रोज ती म्हणते, मी कामावर जाते, बाबा आहेत. तो म्हणतो, मी जातो, आई आली बघ. त्यांच्या घरातली सगळी वाक्यं अशी दोन तुकड्यांची, एक जाणारं आणि एक राहणारं. आता पहिल्यांदाच असं वाक्य हवं होतं ज्यात दोघं जातात आणि रात्री कुणीच परत येत नाही. आम्ही दोघं. आम्ही दोघं उद्या नावेतून जाणार आहोत. तिनं ते मनात म्हणून पाहिलं. इथपर्यंत येत होतं. पुढचं येत नव्हतं. तुला न घेता, याचं कारण काय सांगायचं? की तुझी आई आणि तुझे बाबा हे दोघं जण तू यायच्या आधी एकमेकांना ओळखत होते... की ते फार मोठ्यानं हसायचे... पोरीला काय कळणार? कदाचित कळेल. कदाचित ती विचारेल, मग आता का नाही हसत? आणि त्याला उत्तर द्यावं लागेल. किंवा ती काहीच विचारणार नाही, उठून चपला आणायला जाईल, आणि ते सगळ्यांत कठीण.

मागून ताई काहीतरी पुटपुटली, सुई दातात धरून.

खोलीच्या दारापर्यंत सात पावलं असतील. अर्धं वाक्य तयार होतं, अर्धं नव्हतं. असू दे. उरलेलं तिच्या डोळ्यांत बघून सुचेल, नाही सुचलं तर दोघी मिळून शोधू. तिनं भिंतीला टेकवलेला हात काढला, आणि शेवटच्या पाटावर बसायला जागा आहे का ते बघत, पाय न वाजवता, निघाली.